टाचणीची बाजू

सपनाला लहानपणापासून एक खोड होती. कोणतीही वस्तू हातात आली की ती आधी उलटून पाहायची. पाकीट आलं तर पत्त्याआधी मागचा डिंक, भाकरी आली तर तोंडाआधी पाठ. "ही पोर पोलीसमा जाई, नही ते मार खाई," असं तिची आई म्हणायची. सपना पोलिसात गेली नाही. महसूल खात्याची परीक्षा पास झाली, दोन वर्षं साक्रीकडे काढली आणि आपल्याच तालुक्याच्या तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर येऊन बसली. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी तिच्या हातात पडायचा. तिच्या खोडीसाठी याहून चांगली जागा सरकारला शोधूनही सापडली नसती.

पहिल्याच महिन्यात तिच्या डोळ्यांत एक गोष्ट खुपायला लागली.

तालुक्याचे आमदार रुपचंदभाऊ. शेतरस्त्याचा अर्ज असो की नाव लावायचा, लोक आधी भाऊंच्या बंगल्यावर जात आणि तिथून शिफारसपत्र घेऊन मगच कचेरीत येत. पत्राचा कागद जाड आणि गुळगुळीत. वरच्या डाव्या कोपऱ्यात भाऊंचा हात जोडलेला फोटो, उजव्या कोपऱ्यात बाबासाहेबांचा. मजकूर सगळ्यांना एकच, 'सदर अर्जदाराचे काम तातडीने करावे.' सही एकच. आणि पत्राला भाऊंचं कार्ड टाचणीने टाचलेलं. फरक इतकाच की कार्ड कधी उजव्या कोपऱ्यात टाचलेलं असे, कधी डाव्या.

दुसऱ्या कोणी तिकडे पाहिलंही नसतं. पण भाऊंकडे पत्रं टाचायचं काम भूषण नावाचा एकच माणूस वर्षानुवर्षं करत होता, हे सपनाला माहीत होतं. एकाच माणसाचा हात रोज बाजू बदलत नाही. डावरा माणूसही डावराच राहतो. सपनाने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडले आणि गुपचूप नोंद ठेवायला सुरुवात केली.

या कचेरीच्या तहसीलदार रोहिणी मॅडम. वर्षभरापूर्वी जळगावहून बदलून आल्या होत्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं होतं, "राजकारण पायरीच्या खाली, प्रशासन पायरीच्या वर. मधे कोणी यायचं नाही." नुसतं बोलून थांबणाऱ्या त्या नव्हत्या. पुढाऱ्याचा फोन आला तर त्या तो सगळ्यांसमोर स्पीकरवर टाकत. दिवाळीच्या मिठाईचे खोके आल्या पावली परत जात. टेबलावर आलेला कागद त्या त्याच दिवशी निकालात काढत आणि कोणाचं पत्र सोबत आहे हे बघतही नसत. सपनाला त्या मनापासून आवडायच्या.

पाच आठवड्यांत त्रेचाळीस पत्रं आली. उजव्या टाचणीची चौदा. त्यातली बारा आठ दिवसांच्या आत मॅडमच्या टेबलावर पोचली. डाव्या टाचणीची एकोणतीस. त्यातलं एकही पोचलं नाही. ती सगळी तोतारामनानांच्या कपाटात, खालच्या फळीवर, 'अधिक माहिती मागविली' असा शेरा पोटाशी धरून पडली होती. नामंजूर कोणीच झालं नव्हतं. हेच तर मोठं गमतीचं होतं.

तोतारामनाना म्हणजे कचेरीतले अव्वल कारकून. मॅडमकडे कोणती फाइल आज जायची आणि कोणती उद्या, हे ते लावून देत. छत्तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला आठ महिने उरलेले, चहा अजूनही बशीत ओतून पिणारे. सपनाने चहाची वेळ साधली आणि वहीचं शेवटचं पान त्यांच्यापुढे उघडून ठेवलं.

नानांनी चष्मा वर केला, पान वाचलं, बशी संपवली. "मला हे कळायला दोन वर्षं लागली होती," ते म्हणाले. "तेही दुसऱ्याने सांगितलं तेव्हा."

"म्हणजे खरं आहे?"

"उजवीकडे टाचणी म्हणजे काम करा. डावीकडे म्हणजे माणसाचं समाधान करा." नानांनी बशी रुमालाने पुसली. "भाऊंच्या दारात रोज शंभर माणूस. त्यातल्या एकालाही त्यांना नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं की घरातली चार मतं गेली. आणि इथे अर्ज एवढे की सगळ्यांना हो म्हणायला मॅडमना तीन जन्म पुरायचे नाहीत. मग पत्र सगळ्यांना द्यायचं, आणि खरं कोणाचं ते आपल्याला कळवायचं. माणूस खूश, भाऊ खूश, कचेरीवर ताण नाही."

"आणि मॅडमना?"

"मॅडम चांगल्या आहेत. चांगल्या माणसाला सगळं सांगून त्रास कशाला द्यायचा?"

सपनाला राग यायला हवा होता, पण आधी आलं ते नवल. पायरीच्या वर आणि पायरीच्या खाली असा एवढा मोठा कडेकोट बंदोबस्त, आणि सगळा कारभार चालला होता एका टाचणीच्या टोकावर. ती दिवसभर स्वतःशीच हसत होती. दुसऱ्या दिवशी बुधीबाई आली आणि तिचं हसू मावळलं.

बुधीबाई सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. साठीची बाई, दोन गाड्या बदलून आलेली, पदराच्या गाठीत आधार कार्ड आणि प्लास्टिकच्या पिशवीत भाऊंचं पत्र. तिचं तीन एकर कोरडवाहू वावर होतं. वावराकडे जाणारी गाडीवाट शेजारच्या शेतकऱ्याने काटेरी तार लावून बंद केली होती.

"दोन साल व्हयना, बाई," ती टेबलाला टेकून म्हणाली. "कापूस डोकावर लई येस. नालामाईन. गुडघाइतलं पानी ऱ्हास. तो म्हनस, वाट नही ते माले दी टाक वावर. आते या येचनीले गाडी गयी नही ते मी दी टाकसू. मना पाय आते चालत नही."

"वेचणी कधी आहे?"

"महिनाभरमा." तिने पिशवीतून पत्र अगदी जपून काढलं. "भाऊनी सोता सही करी दिधी. माले चहा बी पाजा."

कार्ड डाव्या कोपऱ्यात टाचलेलं होतं.

सपनाने अर्ज नोंदवला, पोच दिली. बुधीबाई हात जोडून गेली. मग किती तरी वेळ ते पत्र सपनाच्या हातात होतं. टाचणी काढायची आणि वीतभर उजवीकडे लावायची. एवढंच. कोणाला कळणार नव्हतं, भाऊंना तर नाहीच. आणि त्या म्हातारीचं वावर वाचणार होतं. तिने टाचणी अर्धी बाहेर काढलीसुद्धा. मग तिला वाटलं, आज बुधीबाईची बदलली तर उद्या कोणाची बदलायची हे मी कोण ठरवणार? भाऊ ठरवतात म्हणून चिडले, आणि आता मीच भाऊ व्हायचं? तिने टाचणी होती तशी आत ढकलली. पण तिला बरं वाटलं नाही, कारण तिच्याच घरात अशी एक गोष्ट घडून गेली होती.

सपनाचे वडील सुपडू. दोंडाईचा रस्त्यावरच्या एका गावात त्यांचं दोन एकर वावर होतं. तेरा वर्षांपूर्वी शेजाऱ्याने त्यांचीही वाट अशीच अडवली. सुपडूआबा भाऊंकडे गेले, पत्र घेतलं, याच कचेरीत अर्ज दिला. एक वर्ष गेलं, दोन गेली. शेवटी त्यांनी वावर त्याच शेजाऱ्याला देऊन टाकलं आणि दोंडाईचाच्या मिरची बाजारात हमाली धरली. मिरचीच्या खकाण्याने त्यांचा खोकला कायमचा झाला. पण भाऊंना त्यांनी कधी बोल लावला नाही. "भाऊनी मनपासून दिधी व्हती चिठ्ठी. कचेरीनी दाबी टाकी. कचेरीमा आपलं मानूस पाहिजे," असं ते म्हणत. ते माणूस म्हणजे सपना. तिला पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं ते यासाठीच.

आता सपनाला चैन पडेना. त्या पत्राची टाचणी कोणत्या बाजूला होती?

रेकॉर्डच्या खोलीत धूळ आणि वाळवीचं औषध यांचा वास होता. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने गठ्ठे उपसले. तिसऱ्या दिवशी फाइल सापडली. आबांचं वळणदार अक्षर, खाली 'सुपडू' अशी लांब शेपटीची सही, आणि भाऊंचं पत्र. कार्ड डावीकडे. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती.

तिचं डोकं भणभणलं. तेरा वर्षं माणूस ज्याच्या नावाने हात जोडतो, त्याने त्याला चहा पाजून, पाठीवर हात ठेवून रिकामं परत पाठवलं होतं. आणि आबा दर निवडणुकीला सकाळी सातला रांगेत उभे. तिला आबांचीही चीड आली. इतकं भोळं असावं का कोणी?

पण खोड ती खोड. तिने पत्र उलटून पाहिलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. उजव्या कोपऱ्यातून उजेडाचे दोन बारीक ठिपके आले. बाबासाहेबांच्या फोटोत, कोटाच्या खांद्यापाशी, टाचणीची दोन भोकं होती. म्हणजे टाचणी आधी उजवीकडे होती. भाऊंनी खरंच मनापासून दिली होती चिठ्ठी. मधे कोणी तरी बाजू बदलली होती.

तिला पहिलं नाव आठवलं ते तोतारामनानांचं. तेरा वर्षांपूर्वी ते याच कचेरीत होते. त्या दिवशी तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चहाही घेतला नाही.

रविवारी ती गावी गेली. आबा ओट्यावर बसून ज्वारी निवडत होते. सपना त्यांच्याजवळ बसून दाणे निवडू लागली आणि सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "आबा, भाऊनी चिठ्ठी तुमी कचेरीमा दिधी तव्हय कोन्हा हातमा दिधी?"

"टेबलवर एक बाई व्हती. तिनी ठप्पा मारा, ठी लिधी."

"त्यानी टाचनी काढी का कोनी? तुमनासमोर?"

आबा हसले. इतक्या वर्षांत त्या कागदाच्या नावाने ते पहिल्यांदाच हसत होते. "टाचनी ना? ती ते मीच बदली."

सपनाच्या हातातले दाणे तसेच राहिले.

"भूषणनी काय करं माहीत शे का? बाबासाहेबना फोटोमाईन आरपार टाचनी घालेल व्हती. खांदामा. माले बंगलावरच दिसनं, पन भाऊ समोर बसेल, बोलू कसं? मंग यष्टी स्टँडवर बसनू, हळूच काढी, नी डावीकडे लाई दिधी. भाऊना फोटोमा. भाऊले काय व्हस?" ते खोकत खोकत हसले. मग गंभीर झाले. "बाबासाहेबले टाचनी टोचीसन मी काम मांगू का? नही व्हयनं ते नही व्हयनं."

सपनाला ओरडून रडावंसं वाटत होतं. भूषणची चूक नव्हती, त्याला फोटो दिसलाच नव्हता. भाऊंनी त्या वेळी फसवलं नव्हतं. कचेरीने नेहमीचं केलं होतं. आणि आबांनी जे केलं ते तिच्या आजीने केलं असतं, आईने केलं असतं, आणि यष्टी स्टँडवर ते पत्र तिच्या हातात असतं तर तिनेही डोळे मिटून तेच केलं असतं. त्यापायी दोन एकर गेलं.

"काब्र इचारस?" आबांनी विचारलं. "सापडना का मना कागद?"

"देखस अजून," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

सोमवारी तिने आपल्या टेबलावरच्या आणि नानांच्या कपाटातल्या रस्त्यांच्या सगळ्या अर्जांवरच्या टाचण्या उपटल्या. कार्डं एका डब्यात टाकली, अर्ज दोरीत बांधले आणि वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. जे होतं ते सांगितलं, आबांचं तेवढं सोडून.

रोहिणी मॅडमनी वहीचं पान दोनदा वाचलं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे वर्षभर मी कोणाचं ऐकलं नाही असं समजत होते," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि सह्या मात्र भाऊंच्या यादीवर करत होते."

त्यांनी नानांना बोलावलं. नाना आले आणि डबा पाहूनच समजले. त्यांनी काही नाकारलं नाही.

"मला का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही राजकारणाला पायरीखाली उभं केलं होतं, मॅडम. पायरीवरून जा-ये करायची तर आम्हालाच असते. येता-जाता बोलावं लागतं."

मॅडमनी तो गठ्ठा पुढे ओढला. "ठीक आहे. तारखेप्रमाणे घ्या. ज्याचा अर्ज आधी, त्याचा रस्ता आधी."

सपनाला हे अपेक्षित होतं आणि तिने हिशेब करून ठेवला होता. "मॅडम, तारखेने बुधीबाईचा नंबर फाल्गुनात येतो. तिची वेचणी महिनाभरात आहे. तोवर तिचं वावर गेलेलं असेल."

"मग काय करायचं? पत्र नको, तारीखही नको?"

पंखा कुरकुरत होता. बोलले ते नाना, आणि तेही जरा नाराजीनेच. "पीक पाहा की. कापूसवाले आधी घ्या, त्यांची गाडी आत्ता लागते. मग ज्वारी, हरभरा. केळीवाल्याचा ट्रक बारा महिने लागतो, पण त्याला तात्पुरती दुसरी वाट असते." त्यांनी गठ्ठा उचलला आणि उभ्याउभ्याच पत्ते वाटावेत तसे अर्ज लावायला लागले. "हा नाल्यापलीकडचा. याच्याकडे पाऊस उशिरा, वेचणी उशिरा. याला थांबवा. ही बुधीबाई, डोंगराकडची. हिची आधी."

छत्तीस वर्षांत तालुक्यातलं एकेक शिवार त्यांच्या डोक्यात बसलं होतं. ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. मॅडम आणि सपना दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या. सपनाला त्यांच्यावर घेतलेल्या संशयाची लाज वाटली. त्या दिवशी तिने त्यांना स्वतःच्या हाताने बशीत चहा ओतून दिला.

नवा क्रम मॅडमनी सही करून दारावरच्या फळ्यावर लावला, कोणालाही वाचता येईल असा. चार दिवसांनी भाऊंचा फोन आला. मॅडमनी तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"मॅडम, टाचण्या काढल्या म्हणे तुम्ही. मग मी लोकांना नाही कसं म्हणायचं?"

"तोंडाने म्हणा, भाऊ."

भाऊ हसले. "एकदा निवडणूक लढवून बघा, म्हणजे कळेल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मॅडम हसल्या नाहीत. "तेही अगदीच खोटं बोलत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या आणि पंचनाम्याला जायला निघाल्या.

काटेरी तारेसमोर उभं राहून त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, जुना नकाशा पाहिला आणि आठव्या दिवशी आदेश काढला. बुधीबाईची गाडी वेचणीच्या दुसऱ्या दिवशी त्या वाटेने गेली.

ती कचेरीत आली ती पदरात सीताफळं घेऊन. "भाऊनी चिठ्ठी फळनी, बाई," ती म्हणाली. "ती माले परत दे. देव्हाराजवळ ठेवसू."

सपनाला गप्प बसवेना. "मावशी, चिठ्ठीने नाही झालं. तुमच्या अर्जाने झालं. चिठ्ठी नसती तरी झालं असतं."

बुधीबाईने तिच्याकडे पाहिलं. "मंग चिठ्ठी कसाले व्हती?"

याचं उत्तर सपनाला अजूनही नीट सापडलेलं नाही. सीताफळं मात्र तिने घेतली नाहीत. एकच घेतलं, तेही मॅडमना विचारून, आणि नानांना धरून तिघांनी मिळून खाल्लं.

त्या शनिवारी ती गावी गेली. बुधीबाईच्या रस्त्याची बातमी तिच्याआधीच पोचली होती. आबा अंगणात खाटेवर बसले होते. मोठ्या उत्साहाने त्यांनी सगळं विचारून घेतलं. तार कोणी काढली, गाडी किती वाजता गेली, बैल कसे होते. मग जिथे पूर्वी आपलं वावर होतं त्या बाजूला ते पाहत राहिले.

"मना कागद सापडना का, बेटा?"

"सापडना."

"मंग? काय चुकनं व्हतं त्यामा?"

सपनाने सगळं सांगायचं ठरवून आणलं होतं. खरं ते खरं, आबांना ते कळायला हवं, असं तिने गाडीत स्वतःला चारदा बजावलं होतं. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. मिरचीने भाजून भाजून बोटांची कातडी लाल पडली होती. त्याच बोटांनी त्या दिवशी यष्टी स्टँडवर टाचणी हळूच काढली होती.

"काहीच चुकनं नही," ती म्हणाली. "टाचनी तुमीन बराबर जागावर लायेल व्हती, आबा."